पोतनिसांच्या कुंडातले खड्डे

धारच्या जुन्या वस्तीत एका बोळाच्या टोकाला पोतनिसांचं महादेवाचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चार माणसं आत उभी राहिली की पाचव्यानं पायरीवर थांबावं, एवढंच. पण देवळामागं कुंड आहे. तीन बाजूंनी सरळ भिंती, चौथ्या बाजूनं पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथं पाण्याखाली एक रुंद ओटा. खाली झरा असल्यामुळं वैशाखातसुद्धा ते कुंड आटत नाही. पोतनीस घराणं एके काळी संस्थानच्या खजिन्यावर होतं. संस्थान गेलं, खजिना गेला, आडनाव राहिलं, आणि आडनावाला चिकटून एक वदंताही राहिली, की जाताजाता पोतनिसांनी काहीतरी कुंडात पुरून ठेवलं.

विद्युल्लताबाईंचा या वदंतेवर विश्वास नव्हता. त्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. परीक्षेच्या वर्गात कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, हे त्यांना मुलीच्या मानेवरून कळायचं. नोकरी संपली तरी ती नजर काही निवृत्त झाली नव्हती. दूधवाल्याच्या मापापासून पुतण्यांच्या फोनपर्यंत ती सगळीकडे फिरायची, आणि घरातली माणसं तिच्या टप्प्यात आली की उगीचच जपून बोलायची.

कुंडात उतरून अभिषेकाचं पाणी आणणं हे त्यांच्या यजमानांचं, उमाशंकररावांचं काम. पण त्या फाल्गुनात त्यांचा गुडघा सुजला आणि तांब्या विद्युल्लताबाईंच्या हाती आला. पहिल्याच दिवशी पाण्यात वाकल्या तशा त्या थबकल्या. खालच्या ओट्यावर वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला असतो. त्या गाळात एक खड्डा होता. चांगला गोल, ताटलीएवढा. कडेला उकरलेला गाळ गोलाकार रचलेला.

"अहो, कुंडात कुणी उतरलं होतं का?" त्यांनी वर येऊन विचारलं.

"कोण उतरणार?" उमाशंकरराव रुद्र म्हणत होते, त्यांनी मान वर केली नाही. पण रुद्रातली एक ओळ त्यांनी दोनदा म्हटली. ती बाईंनी टिपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक खड्डा दिसला. आठवड्याभरात ओट्यावर खड्ड्यांची ओळ लागली, जेवणावळीला पत्रावळी मांडाव्यात तशी. एखादं जनावर उकरतं तेव्हा वेडंवाकडं उकरतं. हे तर कुणीतरी नीट, जागा वाटून, एकेक भाग तपासत चाललं होतं.

आता पोतनिसांच्या कुंडाच्या तळाशी माणूस काय तपासणार, हे बोळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पहिला संशय रणवीरवर गेला. देवळाच्या फाटकाला लागून त्याचं मोबाइलचं दुकान. बोळात कुणाचंही काही अडलं की 'रणवीर भिया' हजर, आणि कुठंही गर्दी जमली की मधोमध तोच. हल्ली तो दुकानाच्या मागच्या खिडकीतून कुंडाकडे बघत चहा पितो, हे बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी फाटकाच्या कडीला केसाएवढा काळा दोरा बांधला आणि संध्याकाळी कुंडाच्या वरच्या पायरीवर रांगोळीची बारीक भुकटी पसरली. सकाळी पाहिलं तर दोरा शाबूत, रांगोळी शाबूत, एक पाऊल नाही, मांजराचंसुद्धा नाही. आणि ओट्यावर नवा खड्डा.

त्या तांब्या हातात धरून तिथंच बसल्या. फाटकातून कुणी आलं नाही. मग राहतं ते देवळाला लागूनच असलेल्या त्यांच्या घराचं, मोरीशेजारचं मागचं दार. तिथून कुंडाच्या भिंतीला लागून एक अरुंद वाट ओट्याशी उतरते. त्या दाराच्या किल्ल्या दोन. एक घरात खुंटीला. दुसरी गोपाळरावांकडे.

गोपाळराव म्हणजे उमाशंकररावांचे धाकटे भाऊ. कारखान्यातल्या नोकरीसाठी तरुणपणीच देवासला गेले आणि तिथलेच झाले. पण गेला पावसाळा सरल्यापासून त्यांचं धारला येणं वाढलं होतं. रविवारी सकाळी इंदूरमार्गे बस पकडून यायचे, जेवायचे आणि संध्याकाळी परत. येऊन करायचे काय? तर कुंडाच्या पायरीवर बसायचे. वहिनींची चाहूल लागली की उठायचे.

"हवा छान लागते इथं," असं म्हणायचे.

देवासात काय हवा नसते?

समोरच्या घरातल्या कमलनं या संशयात तेल ओतलं. ती फुलांच्या माळा करते, आणि माळ करताना तिचे डोळे मोकळेच असतात. बेलाची पानं द्यायला आली तेव्हा सहज बोलून गेली, "भाभीजी, आपके देवरजी बड़े भगत हैं. दशहरे के आसपास देखा था मैंने, प्लास्टिक का डब्बा लाए थे, कुंड में उँडेल रहे थे. गंगाजल होगा, नहीं?"

"हो, गंगाजलच," विद्युल्लताबाई म्हणाल्या. आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि पाटावर बसून विचार केला. दसरा. तेव्हा त्या स्वतः मलेरियानं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता त्यांना. आणि नेमकं तेव्हाच भावजींनी कुंडात काहीतरी ओतलं. काय असेल? पुरलेलं सोनं पाऱ्यानं सापडतं, असं त्यांनी लहानपणी कुठंतरी ऐकलं होतं. छे, हा अडाणीपणा झाला. पण मग डबा भरून आणलं काय?

एकच गोष्ट जुळत नव्हती. खड्डे रविवारचे नव्हते. मंगळवारीही पडत, शुक्रवारीही पडत, तेव्हा गोपाळराव देवासला असत. म्हणजे इथं त्यांचा कुणीतरी हस्तक हवा. घरातला. मागच्या दाराची किल्ली खुंटीवरून काढू शकणारा.

बाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याकडे नव्यानं पाहायला सुरुवात केली. सूज खरी होती. निदान दिसत तरी होती. पण फोन आला की हा माणूस लंगडत का होईना अंगणात जातो, ते का? एका दुपारी त्या तांदूळ निवडत खिडकीशी बसल्या होत्या, तेव्हा बाहेरून हलका आवाज आला. "नाही, अजून तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पण वाढलेत रे फार. तू सांगितलंस त्याहून जास्त."

तांदळातला खडा कोणता आणि दाणा कोणता, हे काही वेळ त्यांना कळेना.

चाळीस वर्षांचा संसार. या माणसानं आयुष्यात भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही. देवाच्या पेटीतलं दान मोजतानासुद्धा ज्याला संकोच वाटतो, तो माणूस भावाच्या नादानं देवाचंच कुंड उकरतोय? त्यांना राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी गार गार वाटलं. त्या दिवशी भात कच्चा राहिला. उमाशंकररावांनी तो मुकाट्यानं खाल्ला. एरवी हे त्यांच्या चांगुलपणात जमा झालं असतं. आता तेही संशयात जमा झालं.

गुढीपाडव्याला गोपाळराव आले. येताना देवासहून मावा-बाटीची मिठाई आणली होती. गुढीला नमस्कार झाला, पानं वाढली. बाईंनी ठरवलं होतं की सणाचं जेवण होऊ द्यायचं आणि मग बोलायचं. पण गोपाळराव पहिलीच पुरी मोडता मोडता भावाला म्हणाले, "दादा, कुंडाचं पाणी जरा गढूळ दिसतंय हं." दोघा भावांची नजरानजर झाली. तेवढं पुरलं.

"भावजी," त्या वाढता वाढता थांबल्या, "कुंडात काय शोधताय तुम्ही?"

गोपाळरावांचा घास हातात राहिला. "शोधतोय? मी?"

"दसऱ्याला डबा घेऊन कुंडात काय ओतलंत? रविवारी तिथं बसून काय बघता? आणि तुमची पाठ वळली की ते खड्डे कोण करतं? मला लिहितावाचता येतं, भावजी. आंधळी नाहीये मी."

"अगं, ऐक तरी…" उमाशंकरराव म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. वाढलेत, वाढलेत, म्हणून फोनवर सांगत होतात, ते ऐकलंय मी. पूर्वजांचं काही असलं तर ते देवाचं आहे. तुमच्या दोघांचं नाही."

गोपाळराव आधी गोंधळले, मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. 'देवाचं आहे' हे शब्द कानी पडले तसं ते हसू विझलं. "म्हणजे वहिनी, मी चोर? ह्या घरातला मी चोर?"

"मी फक्त विचारलं."

"नाही. विचारलं नाहीत." त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात धुतला, खिशातून मागच्या दाराची किल्ली काढून पाटावर ठेवली, आणि चपला घालून निघून गेले. वाढलेलं पान तसंच राहिलं. श्रीखंडाला बोटही लागलं नव्हतं.

मग उमाशंकरराव म्हणाले, "तू त्याला विचारलं नाहीस. तू त्याला पकडलंस."

"मग काय ओतलं होतं, ते तुम्ही सांगा."

"मासे."

"काय?"

"मासे सोडले त्यानं. बोटाएवढे. बस्स."

"आणि खड्डे?"

"ते मला ठाऊक नाही. मला वाटलं, मासेच करत असतील."

विद्युल्लताबाई हसल्या. "मासे खणतात? फावडं धरून? इतकं खोटं बोलायचं तर जरा बरं खोटं शोधायचं."

उमाशंकरराव उठले आणि लंगडत देवळात जाऊन बसले.

खोट्याला जागेवर धरायचं, ही बाईंची जुनी रीत. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्या छत्री घेऊन कुंडाच्या पायरीवर जाऊन बसल्या. भर दुपारचं ऊन उभं पाण्यात शिरत होतं आणि ओट्यापर्यंतचं सगळं स्वच्छ दिसत होतं. खड्डे होते. माणूस कुणी नव्हतं. बाकी होते ते मासे, वीतभरसुद्धा नाहीत असे, राखाडी, ओट्याच्या कडेनं रेंगाळणारे. बाईंनी पदरानं घाम पुसला आणि हलायचं नाही असं ठरवलं.

त्यांची सावली पाण्यावर स्थिर झाली तसा पलीकडच्या भिंतीच्या काळोखातून एक मासा पुढं आला. हा राखाडी नव्हता. काजळासारखा काळा, गळ्याखाली पांढरा, आणि परांच्या कडेला कुंकवाची बोटं ओढल्यासारखी लाल रेघ. तो सरळ एका खड्ड्यात गेला, डोकं खाली करून जवळजवळ उभाच राहिला, आणि गाळात तोंड खुपसलं. मग तोंड भरून वर उठला, कडेपर्यंत आला आणि फुर्रकन सगळा गाळ बाहेर थुंकला. परत खाली. परत तोंड भरून वर. एखादी बाई पाटी भरभरून माती टाकते तसा.

विद्युल्लताबाईंच्या हातातली छत्री कलंडली. सावली हलली तसा काळा मासा सुळकन नाहीसा झाला. त्यांनी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि उन्हात तशाच बसल्या.

तो परत आला. त्याचा शेजारीही आला. आता त्यांना दिसलं की प्रत्येक खड्ड्याला एक काळा मालक आहे. शेजारचा जरा सीमेवर आला की दोघं तोंडाला तोंड लावून ढकलाढकली करत, मग आपापल्या खड्ड्यात जाऊन पुन्हा उकरायला लागत. थोड्या वेळानं एक राखाडी मादी तिथं आली. काळ्यानं तिच्यापुढं अंग थरथरवलं, मागं वळून बघत तिला खड्ड्यात नेलं. दोघं गोल गोल फिरू लागली. तिनं काहीतरी बारीक पिवळसर मण्यांसारखं तळाशी ठेवलं आणि लगेच वळून ते तोंडात घेतलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तोंडात. बाईंना वाटलं, आपलीच अंडी खाल्ली मेलीनं. पण तिचा गळा फुगला तो फुगलेलाच राहिला, आणि ती हळूच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, कडेच्या सावलीत निघून गेली.

बाई घरात आल्या तेव्हा त्यांचं डोकं उन्हानं ठणकत होतं. उमाशंकरराव आडवे झाले होते. त्या उशाशी बसल्या.

"मासेच खणतात," त्या म्हणाल्या.

"हं."

"तोंडानं."

"हं." मग थोड्या वेळानं, डोळे न उघडता, "गोपाळचं पान कुणी उचललं?"

"मीच," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर घरातलं घरात मिटलं असतं. पण पाडव्याच्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या आणि कमल समोर तोरणाची फुलं ओवत होती. 'कुंडात काय शोधताय' आणि 'पूर्वजांचं काही' एवढं मराठी कमललाच काय, अख्ख्या बोळाला येत होतं. संध्याकाळपर्यंत ते रणवीरच्या दुकानात पोचलं. पोतनीस भावाभावांत खजिन्यावरून बाचाबाची झाली, धाकटा ताटावरून उठून गेला, म्हणजे खजिना निघालाय.

मग देवळाला एकाएकी भक्त वाढले. कधी महादेवाला बेल न वाहिलेली माणसं येऊन कुंडाच्या कठड्यावरून वाकून बघू लागली. पाण्याखालचे खड्डे पाहून एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. कुणी एक मशीनवाला आला आणि नमस्कार करता करता लांब दांडीचं यंत्र पायरीवरून फिरवू लागला, त्याला बाईंनी हाकललं. एका सकाळी वरच्या पायरीवर चिखलाचे पाय उमटलेले दिसले, खरेखुरे, माणसाचे. बाई धसकल्या. रणवीरला गाठून त्यांनी समजावायचा प्रयत्न केला.

"अरे, ते माशांनी केलेले खड्डे आहेत. मैंने खुद देखा. नर घर करतो, मादी अंडी तोंडात…"

रणवीर नम्रपणे हसला. शाळेत त्याची बहीण बाईंच्या हाताखाली शिकलेली. "आंटीजी, आप टीचर रही हो, आपकी इज्जत करते हैं. लेकिन मछली गड्ढा खोदेगी? फावड़ा लेके? माल आपके घर का है तो आपका है, हमें क्या. बस, मंदिर तो पूरे मोहल्ले का है ना."

आपण जसं बोललो तसंच तो बोलला, हे बाईंना कळलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं तेही त्यांनी ओळखलं. कुणाच्या तरी मानेकडे बघून सगळं समजल्याचा तो भाव. आयुष्यभर तो त्यांच्याच डोळ्यांत होता. दुसऱ्या बाजूला उभं राहून तो बघायची ही पहिलीच खेप.

त्यांनी गोपाळरावांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तोही नाही. तेव्हा त्यांनी घडीची बरी साडी काढली, उमाशंकररावांना पोळ्या करून ठेवल्या आणि एकट्याच इंदूरची बस पकडली. तिथून देवासची. एवढ्या वर्षांत दिराच्या घरी त्या मुंज-लग्नाखेरीज कधी गेल्या नव्हत्या. कॉलनीतली गल्ली चुकल्या, टेकडीवरच्या देवीचा कळस कोणत्या हाताला हवा होता ते आठवून पुन्हा वळल्या, आणि दार वाजवलं.

गोपाळराव बनियनवर होते. त्यांना पाहून आत जाऊन शर्ट घालून आले. पाणी दिलं. बसले. 'वहिनी' म्हणाले नाहीत.

"भावजी, मी चुकले," विद्युल्लताबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडात नवे होते, नव्या कवळीसारखे टोचले. "मासे मी डोळ्यांनी पाहिले. पण ते सोडलेत कशासाठी, आणि चोरून का?"

गोपाळरावांनी पंखा एक घर वाढवला. "तुम्हाला मलेरिया झाला. बेशुद्धीत बडबडत होतात. डॉक्टर म्हणाला, जवळपास साचलेलं पाणी बघा. कुंडात बघितलं तर अळ्याच अळ्या. दवा टाकणारी माणसं आधीच्या वर्षी आली होती, तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलंत. देवाच्या पाण्यात औषध पडणार नाही, आणि मला विचारल्याशिवाय कुंडात काडीही घालायची नाही, म्हणालात. मग काय करायचं? बागलीजवळ एकाचं शेततळं आहे, तो म्हणाला, अळी खाणारे मासे आहेत. डबाभर घेऊन आलो. दादा म्हणाला, ती बरी होईपर्यंत सांगू नकोस, रागावेल. तुम्ही बऱ्या झालात, मग सांगायचं राहूनच गेलं."

"आणि रविवारी बसत होतात ते?"

"अळ्या कमी झाल्या का ते बघायला. झाल्या. पण हे मासे वाढत सुटले. इथं शेजारी भिगवणकडचे मासेमार लोक आहेत, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, ही चिलापी, तिलापिया म्हणतात ती, हिला कुणी आणली! एकदा शिरली की दुसऱ्या माशाला जगू देत नाही. आता कसे काढायचे, ते मी आणि दादा फोनवर बोलत होतो."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. विद्युल्लताबाईंनी पेला खाली ठेवला.

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "बोळ आता आपल्या सगळ्यांना चोर म्हणतोय."

गोपाळराव लगेच आले नाहीत. बाई एकट्याच परतल्या. पण अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी ते पंप घेऊन टेम्पोतून उतरले. बाईंनीच बोळभर निरोप धाडला होता, रणवीरच्या तोंडून. कुंड उपसतोय, ज्याला बघायचं त्यानं यावं. कठड्यावर माणसांची रांग लागली. कमल माळांची टोपली तशीच घेऊन आली होती. पंप सुरू झाला, पाणी खाली जाऊ लागलं, आणि ओट्यावरचे खड्डे एकेक करून उघडे पडले, कुंभारानं ओल्या मातीच्या ताटल्या करून ठेवाव्यात तसे.

"रणवीर, तूच उतर," बाई म्हणाल्या. "तूच हात घालून बघ."

तो पँट दुमडून उतरला. ओट्यावर चाचपडला, तळाला गेला, झऱ्याच्या तोंडाशी मांडीभर चिखलात हात फिरवला. पणत्या निघाल्या, नारळाच्या करवंट्या निघाल्या, एक चेपलेली घागर, विसर्जनाच्या कुठल्या तरी गणपतीचा हात. वर माणसं पुढं वाकत होती, मागं होत होती. कुणीतरी पुटपुटलं, "पहले ही निकाल लिया होगा." बाईंनी ते ऐकलं.

उरलेल्या डबक्यात मासे तडफडू लागले तेव्हा रणवीर आणि गोपाळराव टोपलीनं ते उचलून पाण्याच्या टबात टाकू लागले. एक मादी रणवीरच्या ओंजळीत आली, गळा तट्ट फुगलेला. त्यानं ती टबात सोडली. तिनं दोन हिसडे दिले आणि तोंड उघडलं. तोंडातून धुरासारखं काहीतरी बाहेर आलं. धूर पाण्यात पसरला आणि पोहू लागला. पिल्लं होती ती. डोळ्यांचे नुसते ठिपके.

रणवीरनं नीट बघायला हात टबावर नेला. सावली पडताक्षणी तो सगळा धूर आईकडे वळला, ती खाली झाली, आणि पिल्लं तिच्या तोंडात शिरली. एकही बाहेर उरलं नाही.

"मुँह में," कमल म्हणाली. "अरे माँ, मुँह में बच्चे!"

रणवीर चिखलात उभा राहून बघत होता. "खाती क्या है फिर? मुँह तो भरा है."

"काही नाही खात," गोपाळराव म्हणाले. "पिल्लं मोठी होईपर्यंत उपाशी."

रणवीरनं मान हलवली. मग त्यानं विद्युल्लताबाईंकडे पाहिलं, आणि बाईंना दिसलं की तो भाव त्याच्या डोळ्यांत आता नाही. कठड्यावरच्या काही डोळ्यांत मात्र तो तसाच होता. दोघं-तिघं कुजबुजतच बाहेर गेले. त्यांची समजूत पोतनिसांच्या पुढच्या पिढीलाही काढावी लागणार, हे बाईंना तेव्हाच उमगलं.

मासे कुठं न्यायचे यावर बरीच चर्चा झाली. कमलचं म्हणणं, धरमपुरीला नर्मदामैयात सोडा, पुण्य लागेल. गोपाळरावांनी हात जोडले. नदीत आधीच ज्यांचं घर आहे त्यांच्या मुळावर कशाला उठायचं? शेवटी मासे विकणारा मनावरकडचा एक तळंवाला टेम्पो घेऊन आला. तिथं त्यांचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. टब चढवताना उमाशंकरराव देवळात जाऊन पाठमोरे बसले. झऱ्याचं पाणी संध्याकाळपर्यंत ओट्याला लागलं.

गोपाळराव त्या दिवशी जेवून गेले. पुढंही येत राहिले. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळी येतात. फक्त आता ते घरात काहीही करायच्या आधी मोठ्यानं सांगतात. "वहिनी, माठातलं पाणी घेतोय हं." "वहिनी, खुंटीवरचा टॉवेल काढतोय." "वहिनी, मागच्या दारानं जातोय, हात रिकामे आहेत, बघून घ्या." उमाशंकरराव हसतात. विद्युल्लताबाईही हसतात, आणि हसून झालं की हातातलं काम जरा वेळ तसंच धरून बसतात. दीर थट्टा करतो, हे त्यांना कळतं. पण नुसती थट्टा नाही, हेही त्यांना त्याच्या मानेवरून कळतं.